पत्र आईचं, अक्षर माझं

रिगशॉ, २१ एप्रिल

क्लिफर्ड,

हे पत्र तुझ्या आईचं आहे. अक्षर तेवढं माझं. गुड फ्रायडेच्या सकाळी दाराची पायरी पांढऱ्या दगडाने घासताना ती घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. घाबरण्यासारखं काही नाही, प्लास्टर घातलंय. पायरी मात्र अर्धी पांढरी आणि अर्धी काळी राहिली, आणि तिला हाताहून जास्त दुःख त्याचं आहे, कारण शेजारच्या मिसेस पिकल्सची पायरी सध्या गल्लीत सगळ्यात उजळ दिसते.

तर तिने सांगायचं आणि मी लिहायचं, असं ठरलंय. मला स्वतःला तुला काही लिहायचं नाही. बोलायचं होतं ते मी मार्चमध्ये स्वयंपाकघरात उभा राहून बोललो आणि मिसेस पिकल्सने ते भिंतीपलीकडून ऐकलं. पुन्हा सांगायची गरज नाही.

आई विचारते, वेळेवर जेवतोस का? घरमालकीणबाई आपलं भाजलेलं यॉर्कशायर पुडिंग आधी वाढतात, नुसतं रश्श्याबरोबर, की मटणाबरोबर एकाच ताटात? (एकाच ताटात वाढत असणार. तिकडचे लोक तसेच.) पलंग तुझ्या उंचीला पुरतो का? इथे स्वयंपाकघराच्या चौकटीला आता कुणाचं डोकं आपटत नाही, तो आवाज नसल्यामुळे चुकल्यासारखं होतं, म्हणते. ती म्हणते, म्हणून लिहिलं.

पुढे ती म्हणते की लँकेशायरवाल्यांचा क्रिकेटचा करार एका उन्हाळ्याचाच आहे, सप्टेंबरात ते तुला ठेवतील किंवा नारळ देतील. काहीही झालं तरी हिवाळ्यात घरी ये. आणि मला म्हणते, "हर्बर्ट, तू जे बोललास ते मागे घेतलंस असं लिही."

मी मागे घेत नाही. लँकेशायरच्या लाल गुलाबाची टोपी या दारातून आत येणार नाही आणि मी यॉर्कशायरच्या सीमेच्या दगडापलीकडे पाऊल टाकणार नाही. एवढं माझं. वरचं सगळं तिचं.

हर्बर्ट हॉलरॉइड


रिगशॉ, १५ मे

क्लिफर्ड,

तुझं पत्र आईला मिळालं. मी ते तिला वाचून दाखवलं नाही, तिचे डोळे शाबूत आहेत. तिने मला वाचून दाखवलं.

ड्रेसिंगरूममधली पोरं तुला मेंढरू म्हणतात आणि विचारतात की यॉर्कशायरचा असून तू इकडे कसा, आणि तू त्यांना काय सांगावं ते तुला कळत नाही. आई म्हणते, खरं ते सांग, त्यात लाज कसली? आणि खरं काय ते तिने मला पुन्हा एकदा लिहायला लावलंय. घरात वीस वर्षं ऐकतोय, आता हाताने लिहायचं.

लिही म्हणते: मी लँकेशायरात रॉचडेलला एड्नामावशीकडे गेले होते, तिच्या सासऱ्याच्या मयतीला. दिवस भरायला अजून अवकाश होता. तिथेच कळा सुरू झाल्या. एड्नाकडे ऊबदार खोली होती, गरम पाणी होतं, दोन घरं सोडून सुईण राहत होती. आणि हा तुझा बाप गिरणीची लॉरी मागून घेऊन बर्फातून डोंगर ओलांडून आला आणि मला उचलून लॉरीत घालायला लागला.

(माझंही ऐक. यॉर्कशायरच्या संघात यॉर्कशायरच्या मातीत जन्मलेलाच खेळतो. हा नियम मी केलेला नाही. मुलगा होणार हे मला ठाऊक होतं. माझ्या जागी रिगशॉचा कोणताही बाप असता तर त्याने हेच केलं असतं, आणि गिरणीतल्या सेथ बॅराक्लॉने तर बर्फात घसरू नये म्हणून लॉरीच्या चाकांना दोरही बांधून दिला होता.)

लिही म्हणते: खिंडीत लॉरी बर्फात रुतली. एड्नाने दिलेल्या पाच रजया अंगावर घेऊन मी याला शिव्या घालत होते. पॅकहॉर्स खानावळीच्या लोकांनी मला काढलेल्या दाराच्या फळीवर घालून आत नेलं आणि मागच्या खोलीत, बिअरच्या पिंपांशेजारी, तू झालास. लांबलचक आणि लालबुंद.

(खानावळीच्या खिडकीतून सीमेचा दगड दिसतो. हाकेच्या अंतरावर आहे. लॉरीने आणखी एक वळण घेतलं असतं तर भागलं असतं. नोंदणी कचेरीत मी सांगून पाहिलं की खानावळीची कोळशाची कोठी यॉर्कशायरच्या हद्दीत येते. कारकून म्हणाला, "पोरगं कोठीत झालं का?" मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, "मग सही करा.")

आई म्हणते, एड्नाच्या घरी राहिले असते तरी लँकेशायरच, आणि इथवर आणलं तरी लँकेशायरच, मग मला गोठवून काय मिळवलंस?

लीड्सला यॉर्कशायरच्या सरावाला, तुझा खेळ बघायला, तुला बोलावलं होतं तो दिवस मला आठवतो. तू सोळाचा. तिथले प्रशिक्षक तुझी फलंदाजी बघत जाळीपाशी कितीतरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "कुठला रे तू? जन्म कुठला?" तू सांगितलंस. ते तुझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "अरेरे, लेका," आणि पुढच्या जाळीकडे गेले. घरी येताना बसमध्ये मी खिडकीबाहेरच बघत बसलो. तुला वाटलं असेल मी तुझ्यावर रागावलोय.

दुसऱ्या संघाकडून तू शून्यावर बाद झालास म्हणे. मासे ज्या वर्तमानपत्रात बांधून दिले ते नेमकं मँचेस्टरचं निघालं, म्हणून दिसलं. आई म्हणते, ऑफस्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट कशाला लावायला गेलास? चेंडूला जाऊ द्यावं. त्याचं त्याला घर असतं.

ह. हॉ.


रिगशॉ, १९ जून

क्लिफर्ड,

आईचा हात अजून आखडतो, म्हणून मीच लिहितोय.

घरातलं सगळं ठीक. गिरणीत नवीन माग आलेत, त्यांचा आवाज जुन्यांपेक्षा वाईट. जॉबर म्हणून मला त्यांच्यावर लक्ष ठेवायचं आहे, आणि ते मला कवडीचा मान देत नाहीत. सेथ विचारत होता, तुझं काय चाललंय. मी म्हणालो, मला काय ठाऊक.

पुन्हा मासे आणले होते, त्यामुळे कळलं. चौतीस, मग सात, मग बेचाळीस नाबाद. बेचाळीसला किती वेळ लागला ते वर्तमानपत्रात दिलेलं नाही, पण तू आईला लिहिलंस त्यावरून कळलं. कप्तान म्हणतो, "हॉलरॉइड खेळायला आला की चहावाल्याचा धंदा वाढतो." आणि मंडळाचे लोक म्हणतात, पोरगा बाद होत नाही हे खरं, पण फटके मारत नाही, असा खेळ बघायला तिकीट कोण काढणार?

आई म्हणते, त्यांना आपल्या मागच्या बोळाबद्दल सांग. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सोमवारी सगळ्यांची धुणी वाळत असायची, आणि आपल्याला सरावाला वेळ सोमवारी संध्याकाळीच मिळायचा. चेंडू जरा वर उडाला की मिसेस पिकल्सच्या चादरीवर चिखलाचा शिक्का. मग ती दार उघडून बाहेर यायची. भिंतीशी ठेवलेल्या धुण्याच्या बादलीपुढे उभं राहायचं, बॅट सरळ, हात सैल, आणि चेंडू आपल्याच बुटापाशी मरून पडला पाहिजे. तू आठ वर्षांचा होतास. नववं संपलं तेव्हा तुझा चेंडू एकाही चादरीवर जात नव्हता. असा बचाव लॉर्ड्सच्या हिरवळीवर शिकायला मिळत नाही, त्याला धुणी लागतात.

त्या बोळात, बादलीच्या मागे, भिंतीवर खडूने काढलेल्या तीन यष्ट्या अजून आहेत. पावसाने धुवून जायला हव्या होत्या. त्यांच्यावरून खडू कोण फिरवतं कोण जाणे, पोरं फिरवत असतील.

आई म्हणते, फटके मारायला लागलास म्हणून ते तुला ठेवतील असं समजू नकोस. तुझ्याकडे जे आहे ते धरून राहा. उजवा खांदा मात्र लवकर उघडतोस, असं तिला वाटतं.

ह. हॉ.


रिगशॉ, १७ जुलै

क्लिफर्ड,

पहिल्या संघात बारावा गडी झालास, त्याबद्दल आईकडून अभिनंदन. सरबताचे पेले न सांडता नेतोस का, असं विचारते. बारावा गडी म्हणजे लग्नात नवरदेवाचा कोट सांभाळणारा. पण लग्नघरात तर शिरलास.

तू लिहिलंस की सप्टेंबरात ठेवतील असं वाटत नाही, दोघांना काढणार आहेत आणि त्यात तू असशील. हे वाचून आई उठली. तिने तुझ्या खोलीची खिडकी उघडली, हवा खेळायला. पलंगावर नवी चादर घातली. सप्टेंबर अजून लांब आहे, मी म्हणालो. ती म्हणाली, "हवा काय सप्टेंबरातच लागते?"

तुझी तिला फार आठवण येते. संध्याकाळी भोंगा झाला, मी घरी आलो की ती दाराकडे बघत असते. मी आत आल्यावरही माझ्या मागे बघते, आणखी कुणी येतंय का म्हणून. जेवताना तुझ्या खुर्चीवर वर्तमानपत्र ठेवतो आम्ही, रिकामी दिसू नये म्हणून. शनिवारी दुपारी फार जड जातं. शनिवारी आपण दोघं जायचो ना, गावच्या मैदानावर, तू माझ्या पुढे पॅड घेऊन, तेव्हाच माझ्याहून उंच. आता मी एकटाच जातो आणि पंच म्हणून उभा राहतो. परवा एक पोरगा खेळायला आला, पाठमोरा अगदी तुझ्यासारखा. तो पायचीत होता, सगळं मैदान ओरडत होतं, मी बोट वर करायचंच विसरलो. गोलंदाज सेथच होता, तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

म्हणजे हे आईला मी सांगितलं, आणि ती म्हणाली लिही.

ऑगस्टच्या सुट्टीत लीड्सला आपली लढत आहे, यॉर्कशायरचा पांढरा गुलाब आणि लँकेशायरचा लाल. गिरणी बंदच असेल. सेथ आणि मी नेहमीसारखे जाणार आहोत, यॉर्कशायरकरता. तू काही त्यात नसणार, सरबत घेऊन आलास तर दिसशील.

ह. हॉ.


रिगशॉ, ३ ऑगस्ट

क्लिफर्ड,

घरी आल्यापासून लिहायला बसायचं म्हणतोय. आई म्हणते, आधी चहा पी. चहा झाला.

तुमच्या एका फलंदाजाला ताप आला आणि तुला घेतलं, हे आम्हाला शनिवारी मैदानावर गेल्यावर फलकावर नाव लागलं तेव्हा कळलं. सेथने वाचलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी म्हणालो, हात काढ, मला फलक दिसत नाही.

पहिल्या डावात तू तीनवर गेलास. चेंडू चांगला होता. आमच्या रांगेत सगळे नाचले आणि मीही टाळ्या वाजवल्या. वाजवायला हव्यातच.

काल, शेवटच्या दिवशी, जेवणानंतर तुमचे गडी टपाटप पडायला लागले आणि तू आत आलास. अख्खी दुपार समोर होती आणि आम्हाला तुम्हाला गुंडाळायचं होतं. जिंकायचं तर तुमच्या कुणाच्या मनातही नव्हतं, उभं राहिलात तरी पुष्कळ. आमच्या मागे ब्रॅडफर्डचा एक जाडा माणूस बसला होता, मांडीवर खिमा भरलेल्या पोर्क पायची टोपली. पहिला तासभर तो हसत होता. मग तुझा चेंडू बुटापाशी मरून पडायला लागला. पुन्हा. पुन्हा. लोकांनी संथ टाळ्या सुरू केल्या. जाडा ओरडला, "अरे, मार नाहीतर घरी जा! घरी आई जेवायला थांबली असेल!"

सेथ म्हणाला, "हर्बर्ट, मागे बघू नकोस."

मी बघितलं नाही. मी तुझा खांदा बघत होतो. उघडत नव्हता. समोरून पाच गडी गेले आणि तू तिथेच. चहानंतर आपला वेगवान गोलंदाज तुझ्या बरगड्यांवर मारायला लागला. एक बसला, तू खाली वाकलास. मी बाकाची फळी धरली. तू सरळ झालास आणि बॅट टेकवलीस, जशी बादलीपुढे टेकवायचास.

"हे काय मढं उभं केलंय!" जाडा म्हणाला. "याला बॅटिंग शिकवली तरी कुणी? कबरी खणणाऱ्याने?"

मी उठलो. का उठलो ते मला सांगता येणार नाही. वळलो आणि म्हणालो, "मी."

"तू कोण रे?"

"त्याचा बाप."

जाड्याने माझ्या कोटावरचा पांढरा गुलाब बघितला, मग तुझ्याकडे बघितलं, मग पुन्हा गुलाबाकडे. "मग तो तिकडे काय करतोय?"

सांगावं लागलं. लॉरी, बर्फ, रजया, पॅकहॉर्स, खिडकीतून दिसणारा दगड. बोलता बोलता पुढच्या रांगाही मागे वळल्या. खेळ चालू होता आणि निम्मे लोक माझ्याकडे बघत होते. मी संपवलं तेव्हा जाड्याने डोक्यावरची टोपी काढली, मयतीला काढतात तशी, आणि म्हणाला, "हाकेच्या अंतरावर? अरे देवा. माफ कर, दादा. मला कल्पना नव्हती." आणि टोपलीतली सगळ्यात मोठी पोर्क पाय माझ्या हातात दिली. आणखी एका म्हाताऱ्याने पाठीवर हात ठेवला. कुणीतरी म्हणालं, "आणि बायकोने घरात घेतलं पुन्हा?"

त्यानंतर आमच्या रांगेतून तुला कुणी नाव ठेवलं नाही. शेवटचा गडी तुझ्या जोडीला, सावल्या खेळपट्टीवर लांब पडलेल्या, सगळे क्षेत्ररक्षक तुझ्या नाकापाशी. शेवटचा चेंडू तू पुढे येऊन ठार केलास, बुटापाशी. सामना अनिर्णित. आमचं जिंकणं तू हातातून काढून घेतलंस. अख्ख्या दुपारच्या अकरा धावा.

जाडा हळूच म्हणाला, "आपला असता तर..."

मी म्हणालो, "तो माझा आहे."

तू पॅव्हेलियनकडे जाताना आमच्या बाजूला वर बघितलंस. शोधत होतास. मी हात वर केला नाही. एका हातात ती पोर्क पाय होती आणि दुसरा फळीवरून सुटेना. नंतर मी खेळाडूंच्या दारापाशी गेलो. सह्या घेणाऱ्या पोरांच्या मागे उभा राहिलो. तू बाहेर आलास, चालताना बरगडी धरत होतास, डोक्यावर ती लाल गुलाबाची टोपी. मी तुला हाक मारायची म्हणून तोंड उघडलं. मार्चमध्ये त्याच तोंडाने जे बोललो होतो ते मध्ये आलं. तू बसमध्ये चढलास. बस गेल्यावर मी तुझं नाव घेतलं, चांगलं मोठ्याने. सेथ म्हणाला, "आता कुणाला बोलावतोस?"

लेका, असा खेळ मी आयुष्यात बघितला नाही. हे आई म्हणत नाही. आई तिथे नव्हती.

बरगडीला गरम पट्टी बांध.

बाबा


रिगशॉ, ७ ऑगस्ट

माझ्या लाडक्या क्लिफ,

हे पत्र माझं आणि अक्षरही माझंच. हे चॅपलला प्रार्थनेला गेलेत म्हणून बसलेय.

माझं प्लास्टर जूनच्या पहिल्या आठवड्यातच निघालं. हात ठणठणीत आहे, पायरीही आता मिसेस पिकल्सच्या पायरीहून उजळ झाली. तेव्हापासून मी यांना एक शब्द सांगितलेला नाही. टेबलाशी बसतात, दौत पुढे ओढतात, विचारतात, "काय लिहू?" आणि मी तोंड उघडायच्या आत लिहायला लागतात. मी विणत बसते. तो उजवा खांदा का काय, तो मला आजही कळलेला नाही.

मासेही आपल्या घरात ईस्टरनंतर आलेले नाहीत. मँचेस्टरचं वर्तमानपत्र पॅकहॉर्समध्ये येतं. दर शनिवारी सामना संपला की हे डोंगर चढून जातात, त्या दगडाच्या पलीकडे, आणि मागच्या खोलीत, पिंपांशेजारी बसून वाचतात. खानावळवाल्या बाईने मला सांगितलं. मी यांना काही बोललेले नाही, तूही बोलू नकोस.

ते तुला ठेवोत की काढोत, तू घरी ये. सप्टेंबरचीही वाट बघू नकोस, रविवारी सुट्टी असते ना तुम्हाला. पुडिंग आधी वाढीन.

काल यांनी हातोडी काढली आणि दाराशेजारी, यांच्या टोपीच्या खिळ्याच्या वर, नवा खिळा ठोकला. मी विचारलं, कशाला? म्हणाले, छत्रीला. छत्री आपली कायम कोपऱ्यात उभी असते, तुला ठाऊक आहे. आणि खिळा स्टुलावर चढून इतका उंच ठोकलाय की माझा हात तिथे पोचत नाही, यांचाही पोचत नाही. तुझा पोचेल.

तुझी,
आई